नदी पायाशी, डोंगर वर: अक्राणीच्या जुन्या नकाशांवरच्या कामाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, शहादा

दिवाळी संपली, अस्तंब्याची यात्रा उतरली, आता कामाला लागायला सबब उरली नाही. भाचा पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलाय. त्याला क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे बसवायचं सॉफ्टवेअर) येतं, मला सातपुडा येतो. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून शेवटी भूगोलाचं काही प्रत्यक्ष करायचं ठरवलंय, ते असं: नर्मदेच्या दक्षिण काठचा, अक्राणीकडचा (धडगाव भागातला) जो डोंगराळ पट्टा सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला, त्याचा पाणी येण्याआधीचा नकाशा काढायचा. म्हणजे नवा शोध नाही, जुन्या नकाशांवरून नीट गिरवणं.

हातात तीन एक-इंची शीट आहेत. एका निवृत्त वनरक्षकांच्या पेटीत निघाल्या, कापडावर चिकटवलेल्या, घड्यांवर झिजलेल्या. एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. शिवाय कॉलेजच्या अडगळीतून मिळालेलं एक जुनं पाव-इंची (पाव इंचाला एक मैल) ॲटलासचं पान.

भाच्याला शीटच्या नंबरांचं गणित सांगितलं, इथेही लिहून ठेवतो. ४६ हा आकडा म्हणजे २० ते २४ उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश एवढा चौकोन. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, वरून खाली उतरत जाणारे. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा. आपल्या तीन शीट ४६ जी/१३, ४६ के/१ आणि ४६ के/५, एका ओळीत शेजारी-शेजारी. पहिलीत मणिबेली, दुसरीत धडगाव, तिसरीत तोरणमाळ. धरणाची भिंत मात्र जी/१३ च्या पश्चिम काठाला जेमतेम लागून शेजारच्या शीटमध्ये पडते. बुडणारी गावं एका कागदावर आणि बुडवणारी भिंत दुसऱ्यावर. योगायोगच, पण मला तो दिसला की दिसतच राहतो.

८ नोव्हेंबर

स्कॅनिंग. शहरातल्या एका मोठ्या झेरॉक्सवाल्याकडे रोलरचा मोठा स्कॅनर आहे. कापडाच्या शीट रोलरमध्ये घसरतात हे त्याला तीनदा सांगितलं. त्याने "काही होत नाही सर" तीनदा सांगितलं. के/५ च्या खालच्या उजव्या कोपऱ्यात रेषा लाटेसारख्या आल्या. पुन्हा करून घेतलं, या वेळी काचेवर चार तुकड्यांत.

ॲटलासचं पान त्याने सेवाभावाने "नीट" करून दिलं. म्हणजे समास कापून. कागदावरचा नाही, देवाची कृपा, फाइलमधला. मी म्हटलं चालेल, आपल्याला नकाशा हवा, समास कशाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

१४ नोव्हेंबर

ॲटलासचं पान संगणकावर आजच्या नकाशावर बसवताना तोरणमाळचा तलाव तोरणमाळला नाही.

पानावरच्या अक्षांश-रेखांशाच्या चौकटीवरून बसवलं, तर यशवंत तलाव खऱ्या जागेपासून चार किलोमीटरहून जास्त पूर्वेला जातो. उत्तर-दक्षिण बरोबर. सगळंच सरकलंय, सारखंच सरकलंय. कागदावर साडेसोळा मिलिमीटर. भाचा म्हणाला, "मामा, त्या काळच्या मोजणीवाल्यांनी अंदाजपंचे केलं असणार." मी चिडलो. ज्यांनी टेकड्यांच्या उतारांचे केसासारखे बारीक फराटे एकेक करून ताम्रपटावर कोरले, ते चार किलोमीटर अंदाजपंचे करणार नाहीत. चूक जर सगळीकडे एकसारखी असेल तर ती हाताची नसते, सुरुवातीच्या बिंदूची असते. वर्गात हेच शिकवायचो. पण बिंदू कोणता?

रात्री साडेअकरापर्यंत डोकं खाल्लं. मग झोपलो.

१५ नोव्हेंबर

उत्तर समासात होतं. मूळ पान पुन्हा उघडलं, भिंगाखाली धरलं. तळाच्या काठाला, वाळवी लागलेल्या जागेच्या शेजारी, एक बारीक ओळ: रेखांश मद्रासच्या वेधशाळेच्या रेखांशावरून धरले आहेत.

म्हणजे सगळा हिंदुस्थान पूर्व-पश्चिम दिशेने मद्रासच्या एका जागेवर टांगलेला होता, आणि त्या जागेचा ग्रिनिचपासूनचा रेखांश तेव्हा थोडा जास्त धरला गेला होता. पुढे तारायंत्राने वेळ अचूक जुळवता आली तेव्हा फरक कळला. माळव्यातलं कल्याणपूर हे सर्वेक्षणाचं मूळ स्थान. १९०५ साली त्याच्या रेखांशातून २ मिनिटं २७ सेकंद वजा केले गेले. आपल्या अक्षांशावर तेवढे म्हणजे ४.२ किलोमीटर. वजा केलं, तलाव तलावात बसला.

भाच्याने झेरॉक्सवाल्याबद्दल एक शब्द वापरला, तो लिहीत नाही. खरं तर चूक माझी. समासाशिवाय नकाशा म्हणजे नाव-पत्ता फाडलेलं पत्र, हे मला माहीत असायला हवं होतं.

२ डिसेंबर

एक-इंची शीट बसल्या. १९०५ नंतरच्या पद्धतीच्या असल्याने इथे मद्रासचं भूत नाही, फक्त एव्हरेस्ट गोलाभ (पृथ्वीच्या आकाराचं त्या काळी धरलेलं माप) आणि आजच्या जीपीएसचा गोलाभ यांतला फरक. आपल्याकडे तो साधारण शंभर मीटर येतो. कागदावर दीड मिलिमीटर.

अडचण निराळीच. नकाशा बसवायला आजही जागेवर असलेल्या खुणा लागतात. मैदानात देऊळ, विहीर, पूल, रस्त्यांचे फाटे. इथे सगळ्यात चांगल्या खुणा नदीकाठी, आणि त्या पाण्यात. जी/१३ वर मणिबेलीला देवळाचं चिन्ह आहे, शूलपाणेश्वराचं. परिक्रमावासी "शूलपाणीची झाडी" म्हणत घाबरत जायचे ते हेच. वाटेत लुटणाऱ्या भिलांनाही लोक "मामा" म्हणायचे. (भाच्याने यावर जो विनोद केला तो सगळ्यांना कळला असेलच.) ते जुनं देऊळ पाण्याखाली आहे. रस्ते तेव्हा नव्हतेच, तुटक रेघांच्या पायवाटा फक्त. म्हणून खुणा घेतल्या शिखरांच्या: त्रिकोणाच्या आत टिंब, शेजारी फुटांत उंची. मोजणीवाल्यांनी जिथे दगडावर खूण कोरून दुर्बीण मांडली होती ते हे माथे. पाणी कितीही वाढो, तिथपर्यंत येत नाही.

२० डिसेंबर

आज मुख्य काम, आणि आज खरी मजा.

सरदार सरोवराची पूर्ण पाणीपातळी १३८.६८ मीटर. हा आकडा असा विचित्र का, असं विद्यार्थी विचारायचे. कारण तो मुळात फुटांचा आहे: ४५५ फूट. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये ठरवला. आणि आमच्या शीटवरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, दर ५० फुटांनी आहेत, दर पाचवी जाड. म्हणजे ४५० ची बारीक रेघ पाण्याच्या जेमतेम पाच फूट खाली, आणि ५०० ची जाड रेघ बरीच वर.

मग ४५५ कुठे काढायची? तीस अंशांच्या चढावर ४५० आणि ५०० या रेषांत जमिनीवर २६ मीटर अंतर, कागदावर ०.४ मिलिमीटर. त्यातला दहावा भाग म्हणजे रेघेच्या जाडीहूनही कमी. तिथे ४५० गिरवली की झालं. पण नाल्याच्या तोंडाशी जमीन शंभर मीटरला एक मीटर चढते. तिथे पाच फूट म्हणजे आडवे दीडशे मीटर, कागदावर अडीच मिलिमीटर. कड्याला आपली रेघ अचूक, आणि चूक नेमकी नाल्यांच्या तोंडांशी. नाल्यांची तोंडं म्हणजे गाळाची जमीन, म्हणजे शेतं, म्हणजे घरं. कड्यात कुणी राहतं का?

मग भाच्याने नंतरच्या मेट्रिक टोपोशीटची फाइल लावली. १:५०,०००, समोच्च रेषा दर २० मीटरने. त्यात १४० मीटरची रेघ. जुनी ४५० फूट म्हणजे १३७.१६ मीटर, पाण्याच्या दीड मीटर खाली. नवी १४०, पाण्याच्या सव्वा मीटर वर. दोन वेगवेगळ्या काळच्या मोजणीवाल्यांनी काही न ठरवता पाणी मधोमध पकडून ठेवलंय. दोन रेषांच्या मधली जागा आम्ही फिक्या निळ्याने भरली. पाण्याची कड या पट्ट्यात कुठेतरी.

उपग्रहावरून खोऱ्याचा तळ मिळेल अशी भाच्याला आशा होती. नाही मिळत. अंतराळयानातून रडारने जगाची उंची मोजली ती फेब्रुवारी २००० मध्ये, एसआरटीएम म्हणतात ती. तोवर धरण ८८ मीटरपर्यंत आलं होतं. खालचा तळ रडारला पाण्याच्या सपाट पत्र्यासारखा दिसला. त्या खाली काय होतं ते या झिजलेल्या कापडावरच आहे.

११ जानेवारी २०२५

थंडी. काम थोडं. गावांची नावं लावली.

जुन्या शीटवर गाव म्हणजे एक ठिपका किंवा चार-पाच चौकोन. अक्राणीत गाव तसं नसतंच. एक पाडा या टेकाडावर, दुसरा नाल्यापलीकडे, तिसरा चालत पाऊण तासावर, आणि सगळ्यांचं नाव एक. मोजणीवाल्याने ज्या पाड्यात मुक्काम केला, ज्या पाटलाने खलाशांना (मोजणीच्या मजुरांना) वाट दाखवली, तिथे ठिपका पडला, असं मला वाटतं. स्पेलिंगचं तर विचारू नका. इंग्रजी नकाशावर आपला ड कधी डी होतो, कधी आर. म्हणून डोमखेडीचं डोमखेरी, आणि मग कुणीतरी शिकलेला मुलगा ते वाचून गावाला डोमखेरीच म्हणू लागतो.

नदीकाठच्या नाल्यांना नावंच नाहीत. दीडशेहून जास्त निळ्या फांद्या मोजल्या, नाव फार तर दहा-बाराला. डोंगर इतका बारकाईने काढलाय की पावसाची एकेक घळ दिसते. माणसाचं मात्र काही विचारलेलं दिसत नाही.

मैदानातल्या खान्देशात उलट झालं होतं. तिथे मोजणीवाले शेताशेतात शिरले, तर १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी मोजणीविरुद्ध हजारोंनी जमा झाले आणि सैन्य आणावं लागलं. मोजणीची साखळी म्हणजे सारा, हे लोकांना बरोबर कळलं होतं. डोंगरात सारा कमी, म्हणून साखळीही कमी. इथल्या कितीतरी वनगावांना पुढे कित्येक वर्षं सातबारा नव्हता. आणि बुडिताची भरपाई द्यायची वेळ आली तेव्हा विचारलं गेलं, कागद कुठे आहे?

१९ जानेवारी, तळोद्याजवळची वसाहत

आज मी बत्तीस वर्षांत जे शिकलो नाही ते शिकलो.

नदीकाठहून इथे मैदानात आलेल्या एका बाबांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, नक्की त्यांनाही सांगता येईना. ते भिलीत बोलत, नातू मराठी करून सांगत होता. गाडीचा ड्रायव्हर आमच्या शिरपूरकडचा, त्याने आत येताच अहिराणीत विचारलं, "हाऊ नकाशा कोनता सालना शे?" सांगितलं, स्वातंत्र्याच्या आधीच्या मोजणीचा. तो म्हणाला, मग बाबांपेक्षा जुना. बाबा हसले, तेवढं त्यांना कळलं.

जी/१३ ची मोठी प्रिंट खाटेवर पसरली. उत्तर वर, रीतसर. मी बोट ठेवून दाखवलं: ही नर्मदा. बाबा बराच वेळ बघत राहिले, मग नातवाला काहीतरी म्हणाले. नातू संकोचला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, कागद उलटा आहे. नदी डोक्यावर कशी? नदी खाली असते."

मी समजावू लागलो, वर म्हणजे उत्तर. नातू अर्ध्यात थांबला, कारण बाबांनी ऐकायचं सोडून दिलं होतं. त्यांनी प्रिंट दोन्ही हातांनी उचलली, फिरवली, नर्मदा आपल्या गुडघ्यांशी घेतली आणि डोंगर पलीकडे, वर. उजवीकडे बोट करून म्हणाले, पाणी तिकडे जातं. बरोबर, पश्चिम. मग बोट नदीकाठाने सरकवत नाले मोजू लागले. अक्षर ओळखत नाहीत, समोच्च रेषा आयुष्यात पाहिली नाही. पण तिसऱ्या नाल्याशी बोट थांबलं, त्याच्या दोन फांद्या जिथे मिळतात तिथे. इथे माझं घर. त्याच्या वर, सावलीच्या बाजूला, अस्वल बसायचं तो नाला. त्याच्या पलीकडे, जिथून होळीचा लांब बांबू आणायचे तो. मग एक जिथे त्यांची बहीण पुरात गेली. तो नाला त्यांनी नावाने सांगितला नाही, नुसतं बोट ठेवलं.

भाचा भराभर टिपत होता. पहिल्या बैठकीत चौदा नाले. चौदाही जागा शीटवरच्या निळ्या रेघांना लागल्या, एकही हुकला नाही.

घर जिथे सांगितलं तिथे शीटवर काही नाही. रिकामी जागा, ४५० च्या रेषेच्या आत. गावाचा ठिपका नदीकाठाने पाऊण किलोमीटर पूर्वेला.

परत येताना बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "मामा, नकाशा दक्षिण वर ठेवून छापायचा का?" मी हो म्हटलं. घरी येऊन आधीच्या सगळ्या लेबलांची दिशा बदलावी लागणार हे लक्षात आलं, आणि तो दोन दिवस कुरकुरला.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. तोरणमाळच्या यात्रेमुळे घाटात गाड्यांची रांग. एक शिखर तपासायचं होतं, राहिलं.

११ मार्च, धडगाव

होळीआधीचा भोंगऱ्या बाजार. ढोल, पावऱ्या, गूळ, फुटाणे. काम शून्य. ज्यांना भेटायचं ते सगळे नाचताहेत, आणि बरोबरच आहे. तेराला रात्री काठीची राजवाडी होळी. भाचा तिकडे गेला तो दोन दिवस दिसला नाही.

१८ मे, नर्मदेवर, बोटीत

पाणी बरंच उतरलंय. काठाने गाळाचा भेगाळलेला पट्टा आणि त्याच्या वर डोंगरभर एकाच उंचीवर ओढलेली रेघ: खाली उघडा दगड, वर झाडी. पूर्ण पातळीची खूण. अख्ख्या खोऱ्याला निसर्गानेच समोच्च रेषा काढून दिलीय, आणि तीही नेमकी ४५५ ची.

फोनचा जीपीएस घेऊन आठ ठिकाणी उतरलो. कड्यांवर आमचा निळा पट्टा आणि दगडावरची रेघ यांत फरक पंधरा-वीस मीटरचा, म्हणजे जीपीएसच्या चुकीएवढाच. नाल्यांच्या तोंडांशी तीन ठिकाणी रेघ पट्ट्याच्या आतच पडली, एका ठिकाणी बाहेर: १४० मीटरच्या रेषेच्याही पलीकडे साठ-सत्तर मीटर. गाळ साचून किंवा काठ खचून नाल्याचं तोंड बदललं असेल. त्या जागी लाल चौकट करून ठेवली.

नावाडी तरुण, जन्म बुडिताच्या सुमाराचा. बिलगावचं विचारलं. त्याने सांगितलं, तिथल्या धबधब्यावर लोकांनी स्वतः छोटं वीजघर केलं होतं. २००३ मध्ये दिवे लागले, आणि २००६ मध्ये तेही पाण्यात गेलं. तो ते सांगत होता तसं माणूस क्रिकेटचा स्कोअर सांगतो. मला त्याच्याकडे बघवेना, मग मी नाल्याकडे बघितलं.

बाबांचा नाला सापडला. फांद्या जिथे मिळतात ती जागा पाण्याखालीच आहे अजून, मेमध्येसुद्धा. बोट वर उभी केली, नावाड्याने वल्हं सोडून बांबू खाली टाकला. बांबू तळाला लागला नाही.

९ जून

छपाईची तयारी. नकाशाचा आकार तीन फूट बाय दोन. दक्षिण वर, नर्मदा खालच्या काठाला. उत्तरेचा बाण खाली तोंड करून. मुद्रक दोनदा फोन करून विचारतो की चुकून उलटा राहिला का. प्रत्येक उंची फुटांत, कंसात मीटर. समास चांगला तीन इंचांचा, आणि त्यात गोलाभ, रेखांशाचं स्पष्टीकरण, कोणती रेघ कोणत्या शीटवरून घेतली, सगळं. यंदा कुणी समास कापू नये म्हणून त्यावर जाड काळी चौकट.

नाल्यांची नावं आता त्रेसष्ट झाली, पाच जणांकडून मिळालेली. दोन नाल्यांवर वाद आहे, दोन्ही नावं छापली.

शेवटचा प्रश्न बाबांच्या घराचा. जुन्या शीटवर नाही, मेट्रिकवर नाही. भाचा म्हणाला, नकाशात नसलेलं आपण कसं टाकायचं? मी म्हटलं, निळ्या पट्ट्याच्या नदीकडच्या बाजूला लहान चौकोन, तुटक रेघेचा. चिन्हांच्या यादीत त्याच्यापुढे लिही: "तोंडी माहितीवरून, १९ जानेवारी २०२५."

संध्याकाळी प्रूफ घेऊन वसाहतीत गेलो. बाबांनी या वेळी कागद फिरवला नाही. बोट थेट चौकोनावर. मग जरा डावीकडे सरकवलं, अर्धा सेंटिमीटर.

"म्हणतात, घर इथे होतं. ते जिथे काढलंय तिथे म्हशीचा गोठा."

दुरुस्त केलं.